रक्त कमी आहे म्हणता, पण ते जातंय कुठं?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका सासूबाईंनी पत्र पाठवलंय. पत्र मोठं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

‘डॉक्टरताई, माझी सून २९ वर्षांची. थोरली नात आठ वर्षांची, धाकटा नातू तीनचा. गेली दोन वर्षं सून सारखी दमलेली असते. धुणं पिळता पिळता मधेच बसते, जिना चढली की छातीत धडधडतं म्हणते. मला वाटायचं कामचुकार आहे. चार बायकांत तसं बोललेही. गेल्या महिन्यात महिला मंडळानं शिबिर घेतलं, तिथं तिचं रक्त ७.८ निघालं. तेव्हापासून मला झोप नाही. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या. बारा दिवस घेतल्या, मळमळायला लागलं, शौचाला काळी व्हायला लागली, म्हणून बंद केल्या. उष्ण पडल्या असणार. आता बीट आणि डाळिंबाचा रस देतोय. गावातले डॉक्टर सलाईन लावा म्हणतात. पाळीत तिला फार जातं, तांबी बसवल्यापासून जास्तच. शेजारीण म्हणते पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आमच्या घरात माळ आहे, अंडी-मटण चालत नाही. आणि नात पाटीवरची पेन्सिल खाते, मारलं तरी ऐकत नाही. मी काय करू? ता. क. मलाही हल्ली दम लागतो, पण ते वयामुळं. गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सुनेसाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी, कारण त्या शेवटच्या ओळीनं मला थांबवलं. त्या ओळीकडे मी शेवटी येते, पण ती विसरणार नाही.

सुनेला कामचुकार म्हणालात याची टोचणी तुम्हाला लागली आहे. ती लागली म्हणूनच तुम्ही लिहिलंत, तेव्हा आता तिच्यावर झोप घालवू नका. शिबिरात ७.८ निघाला तो आकडा हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तातल्या लाल द्रव्याचा. त्याचं काम फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवायचं. बाईला ते १२ तरी हवं. ८ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. म्हणजे जे काम बाराच्या फौजेनं करायचं ते तुमची सून पावणेआठात करतेय, आणि उरलेली भर काळीज जास्त ठोके देऊन काढतंय. तीच ती जिन्यातली धडधड. एवढ्या रक्तावर तिनं दोन वर्षं घर, शेत, लेकरं सांभाळली. आज संध्याकाळी तिला जवळ बसवा, तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढा आणि आतला रंग बघा. मग तुमची स्वतःची पापणी आरशात बघा. डाळिंबाच्या दाण्यासारखा लालसर रंग हवा तिथं धुतलेल्या तांदळासारखं फिकं दिसेल. तीस वर्षं मी बाह्यरुग्ण विभागात हे बघत आले. सोबत आलेल्या सासूला, नवऱ्याला मुद्दाम जवळ बोलावून दाखवते. कागदावरच्या आकड्यानं जे पटत नाही ते त्या फिक्या पापणीनं पटतं.

आता मुख्य प्रश्न. ‘रक्त कमी आहे’ एवढं ऐकून आपण थांबतो. गोळी घे, बीट खा, झालं. पण ताई, घरातल्या हंड्यातलं पाणी रोज कमी होत असेल तर आपण नुसतं ओतत बसतो का? हंडा उचलून तळ बघतोच ना. मग बाईच्या बाबतीत तळ का बघत नाही?

जरा हिशेब करू. बाईच्या सबंध शरीरात लोह असतं दोन-अडीच ग्रॅम, एखाद्या लहानशा खिळ्याएवढं. एका बाळंतपणाला, बाळाचं, वारेचं, आईच्या वाढलेल्या रक्ताचं धरून, सुमारे एक ग्रॅम लागतं. तुमच्या सुनेची दोन झाली. पाळीत साधारण ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं की ते जास्त. एक मिलिलिटर रक्त म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे जास्त जाणाऱ्या बाईचं महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह पाळीतच जातं. आणि येतं किती? ताटात कितीही वाढा, आतडं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत घेतं, आणि त्यातलंही बरंचसं रोजची झीज भरण्यात जातं. हा जमाखर्च जुळणार कसा? मागची बाकी फेडायच्या आत पुढची पाळी येते.

तांबीबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या पत्रातलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. तांबीमुळं पाळीत जास्त जाऊ शकतं, हे बसवताना सांगायला हवं आणि नंतर विचारायलाही हवं. तांबी वाईट नाही, माझ्या कित्येक पेशंट ती सुखानं वापरतात. पण ७.८ वर आलेल्या बाईसाठी तिचा फेरविचार करायलाच हवा. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, सोनोग्राफी होऊ द्या, पिशवीत गाठ वगैरे आहे का ते कळेल. पाळीतला स्राव कमी करणारी औषधं आहेत, तांबीला दुसरे पर्यायही आहेत. आणि एक करा. तपासणीच्या वेळी तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. किती दिवस जातं, गाठी पडतात का, घडी तासा-दोन तासांत भिजते का, रात्री उठून बदलावी लागते का, हे सासूसमोर सांगायला पोरी लाजतात. ‘नेहमीसारखंच’ म्हणतात. नेहमीचंच जास्त असेल तर तिला तरी कसं कळावं?

पिशवी काढण्याचं मनातून पार काढून टाका. शेजारणीचा हेतू चांगला असेल, पण २९ व्या वर्षी तो उपाय नव्हे. बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. अंगावरून जातंय, दुखतंय, काम बुडतंय, तर काढून टाका. आधी गोळ्या, आधी तपासणी, हे त्यांच्या वाट्याला आलंच नाही. तुमच्या सुनेच्या वाट्याला ते येऊ द्या.

सलाईनचं सांगते, कारण आपल्याकडे हा समज फार घट्ट आहे. अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावा’. त्या बाटलीत पाणी असतं, मीठ असतं, फार तर साखर असते. लोहाचा कणही नसतो. लावल्यावर दिवसभर बरं वाटतं आणि पाचशे-सातशे रुपये जातात, रक्त तिथंच राहतं. शिरेतून देतात ते लोहाचं औषध वेगळं. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात आणि ते खरंच उपयोगी आहे, गोळ्या अजिबात सोसत नसतील किंवा रक्त फार भराभर जात असेल तर. ७.८ ला ते द्यायचं की गोळ्यांनीच जमेल, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बसल्या जागी धाप लागायला लागली, पाय सुजले, चक्कर येऊन पडली, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

बिटाचा रस लाल म्हणून रक्त होत नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बाईला आहारातून दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. डाळिंबात तर बिटाहूनही कमी. फळ म्हणून खुशाल द्या, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. त्या रसाच्या पैशात महिन्याची मटकी आणि लिंबं येतील.

आता गोळ्या. इथं मला सविस्तर बोलायचंय, कारण आपलं घोडं इथंच अडतं. सरकार १९७० पासून लोहाच्या गोळ्या देतंय. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. कारणं अनेक आहेत, सगळा रक्तक्षय लोहाचा नसतोही. पण गोळी घरापर्यंत येते आणि पोटात जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकीच्या घरी गेले होते, चहासाठी तिनं साखरेचा डबा काढला, तर त्यामागं लाल गोळ्यांच्या नऊ पट्ट्या रचून ठेवलेल्या. एकही फोडलेली नाही. मी बघितलं हे तिला कळलं, खाली मान घालून म्हणाली, ‘मळमळतं हो, आणि विचारायचं कुणाला?’

तर मला विचारा. शौचाला काळी होते, ते न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ, बद्धकोष्ठ हे मात्र खरं आहे, तुमची सून नाटक करत नाही. गोळी उपाशीपोटी जास्त लागू पडते, पण मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी. थोडी कमी लागू पडली तरी बंद पडण्यापेक्षा बरी. रात्री झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. डॉक्टरांना एक जरूर विचारा, एकाआड एक दिवस चालेल का. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं, ते आतड्याचं दार थोडा वेळ ओढून घेतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. एक दिवस सोडला तर दार पुन्हा उघडतं आणि पोटालाही आराम पडतो. हा बदल आपल्या मनानं करू नका, पण विचारायला लाजू नका. एका कंपनीची गोळी सोसत नसेल तर दुसरी मिळते. गोळीसोबत लिंबूपाणी चालेल. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, आम्लपित्ताची गोळी यांच्यात आणि लोहाच्या गोळीत दोन तास तरी जाऊ द्या.

‘उष्ण पडल्या’ म्हणता. ताई, पोटाला त्रास होतो म्हणजे काय ते वर सांगितलंच. त्यावर उपाय वेळ बदलणं, मात्रा बदलणं. गोळी टाकून देणं हा नव्हे.

दोन आठवड्यांत तिला थोडी हुशारी वाटेल. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा, एक-दीडनं तरी वाढलेलं दिसायला हवं. वाढलं नाही तर गोळी पोटात जात नाही, किंवा गळती चालूच आहे, किंवा रोग लोहाचा नाही. आणि १२ झालं म्हणून थांबायचं नाही. त्यानंतर तीन महिने आणखी, कारण तेव्हा कुठं शरीराची कोठी भरायला लागते. इथंच बहुतेक जणी सोडतात आणि वर्षभरात परत आठवर येतात.

रोग लोहाचा नाही, असं का म्हटलं? बोटातून रक्त घेऊन शिबिरात जो आकडा कळतो तो खूण म्हणून ठीक. दवाखान्यात पूर्ण रक्ततपासणी करा, फेरिटिन करा, म्हणजे कोठीत किती शिल्लक आहे ते कळतं. तुमच्या घरात माळ आहे, अंडी-मटण नाही, तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व पण बघा. काही घरांत थॅलेसेमियाचा वारसा असतो, तिथं पेशी लहान दिसतात आणि लोह देऊन उपयोग होत नाही. आणि त्या लाल गोळीत लोहासोबत फॉलिक ॲसिड का असतं, त्याची मुळं आपल्या मुंबईतच आहेत. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथं आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयानं दगावत होत्या, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं जे काम करत होतं ते पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. परळच्या चाळींतल्या त्या बायकांचं ऋण आज जगभरच्या गरोदर बायकांवर आहे, असं मला नेहमी वाटतं.

माळ आहे तर असू द्या, अंड्यावाचून अडत नाही. बाजरीची भाकरी, मोड आणलेली मटकी, हुलग्याचं माडगं, तांदळी-राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, तीळ, हळीव, हे सगळं तुमच्या गावच्या बाजारात मिळतं. धान्य-कडधान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. मोड आणल्यानं ते मोकळं होतं आणि वर लिंबू पिळलं की शोषलं जातं. म्हणून उसळीवर लिंबू, ताटात आवळ्याची चटणी नाहीतर पेरूची फोड. भाजी-आमटी लोखंडी कढईत करा, चिंच-टोमॅटो घालून केली तर कढईतलं लोहही त्यात उतरतं, फक्त शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि शेंगदाणे. आणि जेवणावर लगेच चहा नको. त्यातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. तास-दीड तास जाऊ द्या.

पण यातलं काहीही करताना एक गोष्ट बघा. ती जेवते कधी? पुरुष जेवले, लेकरं जेवली, मग तुम्ही, मग ती. उसळीचं पातेलं तेव्हा खरवडलेलं असतं. चटणी-भाकरी आणि वर गरम चहा, हेच तिचं जेवण असणार. तुम्हीही सून होतात तेव्हा असंच जेवला असाल. हे फक्त तुम्ही बदलू शकता, मी पत्रातून नाही आणि तुमचा मुलगाही नाही. सहा महिने तिचं ताट आधी काढून ठेवा. वाटी भरून उसळ, वर लिंबाची फोड.

नातीला मारू नका. पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ, फ्रीजमधला बर्फ असं खावंसं वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. ती हट्टी नाही, तिचं शरीर मागतंय. लोह भरलं की बहुतेक मुलांची ती ओढ आपोआप जाते. तिचंही रक्त तपासा, तिच्या वयाला ११.५ हवं. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते, ती खाते की खिशात ठेवते ते विचारा. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळते, ती चुकवू नका. अनवाणी रानात फिरणाऱ्या मुलांच्या पायातून आकडेकृमी आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. आणि फार महत्त्वाचं, सुनेच्या लाल गोळ्या उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. तीन वर्षांच्या नातवाला त्या गोड गोळ्या वाटतील. मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

आता तुमची ता. क. ‘मलाही दम लागतो, पण ते वयामुळं.’

माझी आई ७१ वर्षांची होती तेव्हा हेच म्हणायची. मी डॉक्टर. तिचं हिमोग्लोबिन ९ आलं, मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. थोडं वाढलं, पुन्हा घसरलं, मी पुन्हा दिल्या. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं रक्त जातंय कुठं, हा प्रश्न दिवसाला चाळीस जणींना विचारणाऱ्या मला घरात सुचला नाही. सात महिन्यांनी मोठ्या आतड्यात गाठ सापडली. तोवर उशीर झाला होता. तिच्या कपाटात मी दिलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, एकूण एक घेतलेल्या. लेकीनं दिल्या म्हणून.

तुमचं तसंच असेल असं मी मुळीच म्हणत नाही. गुडघ्याच्या गोळ्यांनीही पोटात बारीक जखम होऊन थेंब थेंब रक्त जाऊ शकतं, आणि ते वेळेत कळलं तर सहज आवरतं. पण पाळी गेलेल्या बाईचं आणि कुठल्याही पुरुषाचं रक्त कमी झालं तर ते पोटातून जातंय का, हे बघितल्याशिवाय राहू नये. दुकानातून कुठली गोळी आणता तिची पट्टी सोबत घ्या. लोहाची गोळी चालू नसताना शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर ते न लाजता सांगा.

सोमवारी सुनेला घेऊन जाल तेव्हा केसपेपर दोन काढा. दोघींचे आकडे मला कळवा, आणि महिन्याभरानं तिच्या तपासणीचा नवा आकडाही. मी वाट बघते.